राजा खाडीच्या अलीकडे

सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका राजाची आम्ही फार काळजी घेतली. त्याचं नाव घ्यायचं नाही, घराणं सांगायचं नाही, राजधानी कुठे होती ते सुचवायचं नाही, आणि मिशा मुळीच नकोत, असं चॅनलकडून लेखी आलं होतं. मिशांवरून कुणाच्या भावना कधी दुखावतील सांगता येत नाही म्हणे. मी संहिता नऊ वेळा बदलली. नवव्या वेळी राजाकडे राजासारखं काही उरलंच नव्हतं, फक्त पुठ्ठ्याचा मुकुट होता, आणि त्यालाही सोनेरीऐवजी चंदेरी कागद लावा म्हणून निरोप आला. हसवायच्या धंद्यात हे सगळं अंगवळणी पडतं. मी कुरकुर केली, चहा प्यायले आणि बदल करून पाठवून दिले.

त्याच प्रहसनात दुसरं एक पात्र होतं, खाडीकाठची मासेवाली. तिच्याबद्दल चॅनलने एका अक्षराने विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. मेलेल्या राजासाठी नऊ खर्डे केले, आणि जी बाई जिवंत होती, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होती, तिच्यासाठी एकही नाही.

मी एका विनोदी कार्यक्रमासाठी लिहिते. दर आठवड्याला चार प्रहसनं लागतात, आणि त्यातलं निदान एक माझं असतं. राहते बोईसरला, आईबरोबर. वडील कऱ्हाडकडचे; तारापूरच्या वीज केंद्रात नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि निवृत्तीनंतरही इकडेच राहिले. माझा जन्म कॉलनीतला. तेव्हापासून आमच्याकडे सातपाटीहून एक मासेवाली यायची. आई तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणायला लागले. आठवड्यातून दोनदा डोक्यावर पाटी घेऊन ती आमच्या दारात उभी राहायची, आणि तिचा आवाज मात्र जिन्याच्या पहिल्या पायरीपासूनच वर यायचा.

"घाटीनबाय, कडप्पा धुवून ठेव गो! पापलेट आनलाय!"

आई सुरुवातीला मासे शिवायला घाबरायची. आमच्या गावाकडे नदीचा मासा वर्षातून चारदा, तोही पाव्हणे आले तर. बोंबलाला आतून काटा असतो की नसतो, इथपासून तिला शिकवलं ते मावशीने. पाटी दारात उतरवून ती सरळ आत यायची, पंख्याखाली फरशीवर पाय पसरून बसायची, आणि स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायची. मी शाळेतून आले की मला म्हणायची, "काय गो घाट्याची पोर, आज काय शिकलीस?" मी पाठ केलेलं काहीतरी म्हणून दाखवायचे. मग तीही मला काहीतरी शिकवायची, आणि ते शाळेपेक्षा चांगलं असायचं.

मावशी मासे विकायची तशी लग्नात गायचीही. त्यांच्या लग्नांत धवला गायची पद्धत आहे. तो गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. हळद लावण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं वेगळं, आणि ते झाल्याशिवाय पुढचं काम होत नाही. सासूकडून मावशीकडे एक खास गाणं आलं होतं, राजाचं. नवरा मुलगा मांडवाच्या दारात आला की त्याला तिथेच थांबवायचं आणि हे गाणं सुरू करायचं. गाण्यात कुठल्यातरी जुन्या काळचा राजा आपला लवाजमा घेऊन खाडीच्या काठी येतो. त्याला पलीकडे जायची घाई असते. पण ओहोटी असते, होडी चिखलात रुतलेली असते, आणि होडीवरची बाई त्याला सांगते, बस वाळूवर.

थांब रं राजा थांब, भरती येऊ दे,
दर्या कोनाचा चाकर नाय.

मग राजा सोनं देऊ करतो, घोडा देऊ करतो, रागावतो, रडकुंडीला येतो, आणि शेवटी मुकाट वाळूवर बसतो. ती बाई त्याला सुका बोंबील भाजून देते. भरती येते, होडी हलते, राजा पलीकडे उतरतो, आणि त्याच क्षणी दारातला नवरा मुलगा मांडवात पाऊल टाकतो. राजा खाडीच्या अलीकडे असेपर्यंत नवरा दाराबाहेर. म्हणून हे गाणं मध्ये तोडायचं नाही. तोडलं तर राजा अर्ध्या खाडीत राहतो, असं मावशी सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा इतका गंभीर व्हायचा की मला लहानपणी त्या राजाची खरोखर काळजी वाटायची.

आमच्या कार्यक्रमाचा 'इतिहास विशेष' भाग ठरला तेव्हा माझ्याकडे लिहायला काही नव्हतं. किल्ले, तलवारी, दरबार, सगळं बाकीच्यांनी आधीच वाटून घेतलं होतं. तेव्हा मला तो वाळूवर बसलेला राजा आठवला. मला इतका आनंद झाला की मी त्याच दुपारी सातपाटीला गेले.

मावशी अंगणात वलांडीखाली बसली होती. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूची उभी मांडणी. जोडीजोडीने लटकलेले बोंबील डोक्यावर वाऱ्याने हलत होते. मी म्हटलं, मावशी, तुझं राजाचं गाणं मला फोनमध्ये भरून घ्यायचंय. टीव्हीसाठी.

"लगीन कोनाचा हाय?" तिने विचारलं.

"कुणाचं नाही."

"मग कसा गायाचा? नवरा नाय, दिवा नाय. सासू वरून मारील मला."

मी लाडीगोडी लावली. ती मला येते. पोट त्याच्यावरच चालतं. तुझा राजा अख्ख्या महाराष्ट्राला दिसेल, असंही म्हटलं. मग मावशी उठली, हात धुतले, भर दुपारी देव्हाऱ्यातला दिवा लावला, आणि नातीला हाक मारली. नात तेव्हा पालघरला कॉलेजात जायची. मावशीने तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं.

"तू नवरा. गाना सरेपर्यंत हालायचा नाय."

नात हसू दाबत उभी राहिली. मावशीने डावा हात कानावर ठेवला आणि सुरुवात केली. मी फोन तिच्यासमोर धरला होता. आवाज आता पूर्वीसारखा भरलेला नव्हता, थोडा नाकातून येत होता आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ती एक छोटा आवंढा गिळत होती. त्या आवंढ्यावर मी खूश झाले. आमच्या धंद्यात अशा गोष्टीला लकब म्हणतात, आणि लकब सापडली की अर्धं काम झालं. भरती येते त्या ओळीवर ती आली आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, हीच ओळ परत. जरा अजून नाकात."

तिने माझ्याकडे पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही. ती ओळ तिने पुन्हा घेतली, नाकात, अशी की जणू गाण्यात ती दोनदाच होती. मी हसले. हसू आवाज होऊन बाहेर पडलं. ती पुढे गात राहिली, आणि राजा पलीकडे उतरेपर्यंत थांबली नाही. तेव्हा कुठे नातीला आत घेतलं आणि दिवा शांत केला.

ते ध्वनिमुद्रण मी आमच्या नटाला दिलं. मासेवाली एक पुरुषच करणार होता. आमच्याकडे पुरुषाला साडी नेसवली की निम्मं हसू फुकटात मिळतं. तो गुणी नट आहे, त्याला मी दोष देत नाही. त्याने दोन दिवस कानाला इयरफोन लावून फक्त मावशी ऐकली आणि तिसऱ्या दिवशी तालमीत उभा राहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कानावरचा डावा हात, तो आवंढा, नाकातला आवाज, सगळं तंतोतंत. मला तेव्हा अभिमान वाटला. हे लिहायला नको वाटतं, पण वाटला हे खरं आहे.

प्रहसन असं होतं. राजा प्रधानाला घेऊन कोकण जिंकायला निघालाय. वाटेत खाडी. मासेवाली म्हणते, गाणं संपल्याशिवाय होडी नाही. ती गायला लागते आणि गातच राहते. राजा पेंगतो. जागा होतो. अजून गाणं चालूच. प्रधान म्हातारा होतो, त्याला पांढरी दाढी लावलेली. शत्रू येतो, तोही पेंगतो. शेवटी राजा मुकुट उशाला घेऊन आडवा होतो आणि म्हणतो, "कडवी संपली की उठवा!" हे वाक्य माझं. पाहुणे परीक्षक खुर्चीतून खाली पडायचे बाकी राहिले. दोन दिवसांत ते वाक्य लोकांच्या फोनवर फिरायला लागलं, कॉलेजच्या पोरांनी त्याच्यावर हावभाव करून चित्रफिती टाकल्या. माझी पाठ सगळ्यांनी थोपटली.

मी मावशीला स्वतः फोन करून सांगितलं होतं की बघ हं, त्यात तुझं काहीतरी आहे. रात्रीचा भाग तिला बघता येत नाही, कारण पहाटे बंदरावर लिलावाला जायचं असतं. म्हणून तिने रविवारच्या दुपारचं पुनःप्रक्षेपण धरलं, आणि मला म्हणाली तू पन ये. मी गेले. वाटेत पालघरला उतरून पेढे घेतले. इतका शहाणपणा मी केला.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मावशीने गल्ली बोलावली होती. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे बायका उभ्या, दारात पोरं. ती स्वतः इस्त्रीचं लुगडं नेसून, केसांत अबोलीची वेणी घालून पहिल्या खुर्चीत बसली होती, आणि मला तिने शेजारची खुर्ची राखून ठेवली होती. टीव्हीवर एक हार घातलेला होता. खोटं सांगत नाही, हार.

आमचं प्रहसन तिसरं होतं. सुरू झालं आणि घर हसायला लागलं. नट कानावर हात ठेवून गायला लागला तशी मागच्या बायकांत कुजबुज झाली, मग कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच. दारातली पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. मी समोर बघत होते. हसू माझ्या कामाचं होतं, मला ते नेहमी गोड लागतं, आणि त्या दिवशी प्रत्येक हशाबरोबर माझी मान आणखी खाली जात होती. पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर तसाच होता. राजा आडवा झाला, वाक्य बोलला, घर दणाणलं आणि जाहिराती लागल्या.

मावशी माझ्याकडे वळली. "आता येल काय माझा गाना?"

मला काही क्षण कळलंच नाही ती काय विचारतेय. मग कळलं. ती अजून वाट बघत होती. दिवा लावून, नातीला उभं करून गायलेलं गाणं आता येणार, हे विनोदाचं संपलं की येणार, म्हणून ती नटूनथटून बसली होती.

"मावशी," मी म्हटलं, "ते होऊन गेलं."

"कवा?"

मी बोटाने टीव्हीकडे दाखवलं. तिथे साबणाची जाहिरात चालू होती. तिने एकदा त्या जाहिरातीकडे पाहिलं, एकदा दारातल्या पोरांकडे. एक पोरगा कानावर हात ठेवून नाकात गाऊन दाखवत होता. ती म्हणाली, "तो लुगड्यातला? मी अशी गातंय?"

मी म्हणायला हवं होतं की नाही. मी म्हटलं, "अगं, गंमत असते ती."

"हां, गंमत," ती म्हणाली, आणि हसली. सगळ्यांबरोबर हसली, तोंडावर पदर घेऊन. मग उठून चहा केला, माझे पेढे सगळ्यांना वाटले, आणि निघताना नेहमीसारखी सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या हातात दिली. ती मी घेतली. घरी आल्यावर आईने विचारलं, कसं झालं, तर मी म्हटलं, छान.

तीन आठवड्यांनी नातीचा फोन आला. गल्लीतल्याच एका घरी लग्न होतं. नवरा दारात उभा राहिला, मावशीने गाणं सुरू केलं. राजा खाडीकाठी आला, वाळूवर बसला, आणि नवऱ्याच्या मित्रांतून कुणीतरी ओरडलं, "मावशी, कडवी संपली की उठवा!" मांडव हसला. नवराही हसला. मावशीने पुढची ओळ घेतली. दुसरा ओरडला. तिसऱ्याने तर घोरून दाखवलं. मावशीने कानावरचा हात खाली घेतला. कुणाला काही कळायच्या आत नवऱ्याला मित्रांनी आत ढकललं आणि बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. "आजी तितंच उभी व्हती," नात म्हणाली. "राजा पान्यातच रायला, असा म्हनली फकस्त."

तेव्हापासून मावशीने गायचं सोडलं. गावात तिने सांगितलं, घसा बसलाय. माझं नाव तिने कुठेच घेतलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या, कॉलनीच्या फाटकात उभी राहून माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते.

ती येतच राहिली, आठवड्यातून दोनदा. पण आता दारातूनच. आई म्हणायची, आत या, पंख्याखाली बसा. ती म्हणायची, घाई हाय. एकदा मीच दारात गेले आणि बोलायला सुरुवात केली. माफी मागायचं भाषण मी तयार केलं होतं. माझं सगळं आयुष्यच संवाद लिहिण्यात गेलंय. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला प्रकार. मावशी पाटीतल्या मांदेल्यांवर पाणी शिंपडत ऐकत राहिली आणि म्हणाली, "तुमचा काम हाय ता. तुमी करनारच." तिने मला तुमी म्हटलं. मग आईसाठी वाटा लावला, वर एक जास्तीचा मासा टाकला, नेहमी टाकायची तसाच, आणि जिना उतरून गेली.

आईला मी सगळं सांगितलं. आई त्या भागाला सगळ्यांत जास्त हसली होती. ती म्हणाली, "एवढं काय त्यात? विसरेल ती." मग भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "तिचा चहाचा पेला मी उगीच रोज धुवून ठेवते." मी आईवर विनाकारण ओरडले. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं मला त्या दिवसांत सगळ्याच गोष्टींनी खवखवत होतं. कुणी रस्त्यात ते वाक्य म्हटलं की मी मान फिरवायचे. चॅनलने त्या राजाचा दुसरा भाग लिहायला सांगितलं. मी म्हटलं, सुचत नाही. त्यांनी तो दुसऱ्याकडून लिहून घेतला.

मग नातीचं लग्न ठरलं. मुलगा केळव्याचा. नातीने फोन केला आणि आधी इकडचं तिकडचं बोलली. शेवटी म्हणाली, "आजी गानार नाय. सगल्यांनी सांगून पायला. डीजेवाल्याकडं दुसऱ्या गावचा धवला हाय, पन त्यात राजा नाय. ताई, तुमच्या फोनमधी आजीचा हाय ना? त्यो द्याल? नवरा त्याच्यावरच आत घेऊ."

मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर ध्वनिमुद्रण लावलं. त्या दिवसानंतर मी ते पूर्ण कधी ऐकलंच नव्हतं. मावशीचा आवाज आला, आणि भरतीच्या ओळीवर माझाही आला. 'मावशी, हीच ओळ परत. जरा अजून नाकात.' आणि त्यापाठोपाठ माझं हसू, फोनच्या अगदी जवळून आलेलं, मावशीच्या आवाजापेक्षा मोठं. मी ते बंद केलं.

आमच्याकडे आवाजाचं काम करणारा एक मुलगा आहे, त्याच्याकडे नेलं. तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम. त्याने माझा आवाज कापला. पण मी बोलले होते ते बरोबर त्या ओळीच्या शेपटावर, आणि हसले होते ते ती पुन्हा गात असताना. दोन्ही वेळेला माझ्याबरोबर ओळही गेली. आता राजा वाळूवर बसलेला होता आणि दुसऱ्याच श्वासाला होडी चालू लागली होती. भरती आलीच नव्हती. मुलगा म्हणाला, "कुणाच्या लक्षात येणार आहे?" आमच्या धंद्यात हा प्रश्न आम्ही रोज विचारतो.

आख्खं आणि कापलेलं, दोन्ही ध्वनिमुद्रणं घेऊन मी सातपाटीला गेले. मावशी वलांडीखालीच होती. मी तिला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. यात मी काय बोलले आहे ते, कसं हसले आहे ते, आणि ते कापलं तर कुठली ओळ जाते तेही. म्हटलं, तू सांगशील ते लावते. ऐकून बघतेस का?

"माझाच आवाज मी कशाला आयकू?" ती म्हणाली. हातातला बोंबील दुसऱ्याच्या तोंडात अडकवून तिने जोडी बांबूवर टाकली. "तोडलेला नको लावू. भरतीबिगर राजा कसा जाल? आख्खा लाव."

"मावशी, सगळा मांडव माझं हसणं ऐकेल."

"आयकू दे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला राजा पलीकडे न्यायचा होता.

लग्न सकाळचं होतं. मांडव अंगणातच, वलांडी काढून घातलेला. फोन मला धरायला दिला होता, कारण डीजेवाल्याची तार सैल होती आणि कुणीतरी ती बोटाने दाबून ठेवायला हवी होती. म्हणजे मी अगदी पुढे, मांडवाच्या दाराशी, सगळ्यांना दिसेल अशी. नवरा बाहेर उभा राहिला. त्याच्यामागे त्याचे मित्र. मावशी दिवा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मी गाणं लावलं.

मोठ्या स्पीकरमधून मावशीचा आवाज आला आणि मांडव शांत झाला. नवऱ्याच्या मागे एका मित्राने दुसऱ्याला कोपर मारलं, दोघांचे ओठ हलायला लागले. मला माहीत होतं ते काय ओरडणार आहेत. राजा वाळूवर बसला. भरतीची ओळ आली. त्यांच्यातला एकजण तोंड उघडतच होता, तेवढ्यात स्पीकरमधून मी बोलले. नाकात, म्हणाले. आणि हसले. ते हसणं मांडवभर गेलं, पार मागच्या चुलीपर्यंत. पोरगा गप्प झाला. बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं. ते वाक्य घरोघर पोचवणारी मी, आणि त्या गाण्याला सगळ्यांत आधी हसलेलीही मीच, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही. कुणीही हसलं नाही. माझं बोट तारेवर होतं, सोडलं असतं तर गाणं तुटलं असतं. मी दाबून धरलं. माझ्या गालांवरून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मावशीने दिव्याची वात बोटाने पुढे सारली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, इतकं हळू की फक्त मला ऐकू यावं:

"तवा तू हसलीस ना गो, मला वाटला, पोरीला गाना आवडला."

भरती आत्ताच कुठे लागली होती. गाणं अजून बरंच बाकी होतं.